ओखामंडळ एका दिवसात: हॉर्नेलची यादी आणि आमचा 'कठीण तळ'

बडोद्याच्या माणसाला समुद्र म्हटलं की तिथल, दमण, फार तर दीव आठवतं. गायकवाडांच्या राज्याचं एक टोक थेट कच्छच्या आखाताच्या तोंडाशी होतं, हे आपल्या मंडळातल्या जुन्या सभासदांना ठाऊक आहे, पण तिथे जाऊन किनारा पाहिलेले फार थोडे. द्वारकेला जातात सगळे. दर्शन घेतात, गोमतीच्या घाटावर फोटो काढतात, बेट द्वारका करतात आणि रात्रीच्या गाडीने परत येतात. मीसुद्धा तसंच दोनदा केलं होतं. तिसऱ्यांदा, गेल्या डिसेंबरात, मंडळाच्या आम्ही सहा जणांनी जामनगरला मुक्काम टाकून एकाच दिवसात नराऱ्यापासून द्वारकेपर्यंतचा किनारा पाहिला. ही त्या दिवसाची हकीकत आहे, आणि एका जुन्या अहवालाचीही. तो अहवाल नसता तर मी पहाटे साडेपाचला थंडीत गाडीत बसलो नसतो.

आधी सहलीचं व्यावहारिक सांगून टाकतो, कारण पत्रं येतात. ओख्यापासून जोडियापर्यंत आखाताच्या दक्षिण काठाने जे पसरलं आहे ते देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. १९८० साली अभयारण्य जाहीर झालं आणि १९८२ साली त्यातल्या सुमारे १६३ चौरस किलोमीटरला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. अभयारण्य धरून क्षेत्र साडेचारशे चौरस किलोमीटरच्या वर जातं. त्यात ४२ बेटं आहेत आणि बहुतेकांच्या भोवती प्रवाळ. पिरोटन बेटावर जायला होडी आणि बरीच परवानगी लागते. नराऱ्याला मात्र चालत जाता येतं. जामनगरहून साठेक किलोमीटर, वाडीनारच्या बाजूला. वनखात्याच्या चौकीवर नाव नोंदवायचं, वाटाड्या घ्यायचा, पायात जाड तळाचे बूट घालायचे आणि समुद्र मागे सरकला की त्याच्या मागोमाग चालत सुटायचं.

दिवस ठरवताना सुट्टी बघून चालत नाही, तिथी बघावी लागते. आखात तोंडाशी सुमारे सत्तर किलोमीटर रुंद आहे आणि आत चिंचोळं होत जातं. भरतीचं पाणी आत ढकललं गेलं की त्याला बाजूला पसरायला जागा नाही, म्हणून ते उंच चढतं. ओख्याला भरती-ओहोटीत तीन-साडेतीन मीटरचा फरक पडतो, आत नवलखीला तोच सातच्या घरात जातो. नराऱ्याचा तळ उघडा पडायचा तर अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास जायला हवं. आम्ही अमावास्येनंतरचा दुसरा दिवस धरला, म्हणजे ओहोटीचा तळ सकाळी साडेआठच्या सुमारास. मंडळातल्या एका काकूंनी (निवृत्त शिक्षिका, वय बहात्तर, बूट नवे) पंचांग आणि वेधशाळेचा तक्ता दोन्ही जुळवून पाहिले आणि मगच गाडीवाल्याला आगाऊ पैसे दिले.

आता अहवालाकडे येतो.

१९०५ च्या हिवाळ्यात जेम्स हॉर्नेल नावाचा एक इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ ओखामंडळात उतरला. तो आला होता सिलोनहून, तिथल्या मोत्यांच्या शिंपल्यांवर काम करून. पुढे तो मद्रास सरकारच्या मत्स्यखात्याचा संचालक झाला, जगभरच्या होड्यांवर त्याने मोठा ग्रंथ लिहिला, आणि १९४९ साली वारला. त्याच वर्षी बडोदे राज्य मुंबई राज्यात विलीन झालं, हा निव्वळ योगायोग. ओखामंडळात तो आला बडोदे सरकारसाठी. त्याचा अहवाल लंडनला छापला गेला, पहिला भाग १९०९ साली आणि दुसरा १९१६ साली. नाव साधं आहे: काठेवाडातील ओखामंडळच्या सागरी प्राणिशास्त्राविषयी बडोदे सरकारला सादर केलेला अहवाल.

दरबाराचा हेतू साधा आणि उघड होता, उत्पन्न. ओखामंडळ हा राज्याला परवडणारा मुलूख नव्हता. जमीन उथळ, पाऊस लहरी, आणि माणसं हुकूम ऐकणारी नव्हेत. मग समुद्रात काही आहे का? सयाजीराव महाराजांच्या काळातली ही नेहमीची पद्धत: प्रश्न पडला की त्या विषयातला माणूस बोलवायचा आणि त्याला लिहायला लावायचं. सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोगही आधी अमरेलीत १८९३ साली करून पाहिला आणि मग १९०६ साली राज्यभर नेला. हॉर्नेल त्याच धाटणीतला.

त्याने काय पाहिलं? एक, खिडकीचे शिंपले. गोव्याच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेच्या जागी बसवलेले ते पातळ, दुधी, प्रकाश आत घेणारे शिंपले, तेच हे. ओखामंडळच्या चिखलात ते सापडत, आणि त्यांत अगदी बारीक मोती मिळत. दागिन्याच्या कामाचे नव्हेत, पण वैद्यांच्या मोतीभस्माला चालणारे. हॉर्नेलने या प्राण्याची शरीररचना इतक्या बारकाईने दिली आहे की नुसत्या त्यावरच पन्नासेक पानं गेली आहेत. दोन, शंख. बेट द्वारकेचं जुनं नाव शंखोद्धार आहे, ते उगीच नाही. बंगालमध्ये बायकांच्या हातात शंखाच्या बांगड्या असतात, आणि त्या धंद्याला लागणारा माल काठेवाडच्या किनाऱ्यावरूनही जात असे. हॉर्नेलने १९१४ मध्ये शंखावर वेगळं पुस्तकच लिहिलं.

इथवर उत्पन्न. पण या माणसाला थांबता आलं नाही. जे जाळ्यात आलं, जे खडकाखाली सापडलं, ते त्याने सगळं बाटल्यांत भरलं आणि ज्याला ज्यातलं कळतं त्याच्याकडे पाठवून दिलं. बिनशंखाच्या रंगीत समुद्री गोगलगाई गेल्या सर चार्ल्स इलियट यांच्याकडे. हे गृहस्थ मुत्सद्दी, ब्रिटिश पूर्व आफ्रिकेचे आयुक्त राहिलेले, आणि फावल्या वेळात जगातले गोगलगाईंचे एक मोठे जाणकार! स्पंज गेले आर्थर डेंडी यांच्याकडे. शेवाळासारखे दिसणारे वसाहती प्राणी गेले लॉरा थॉर्नली या बाईंकडे. प्रत्येकाने आपापली यादी केली, चित्रं काढली, आणि ती सगळी बडोदे सरकारच्या खर्चाने छापली गेली. दिवाणाला या गोगलगाईंचं काय करायचं होतं देव जाणे. एक पैसाही महसूल त्यातून निघण्यासारखा नव्हता.

हे पुस्तक बडोद्यातल्या एका ग्रंथालयात माझ्या हातात पडलं तेव्हा मी त्रेपन्न वर्षांचा होतो. आणि त्याच आखाताच्या काठावर तंबू ठोकून राहिलो होतो तेव्हा सत्तावीस.

ते असं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी ज्या कंपनीत होतो तिने या किनाऱ्यावर समुद्रातून जमिनीवर नळ आणण्याच्या एका कामाची पाहणी घेतली होती. बडोद्याच्या माणसाला यात नवल नाही. १९७८ पासून इथल्या समुद्रात नांगरलेल्या जहाजांतून कच्चं तेल काठावर येतं, विरमगामला जातं, तिथून एक फाटा आपल्या कोयलीला आणि मुख्य नळ मथुरेला. गायकवाडांचं राज्य गेलं तरी बडोदं आणि हा किनारा नळाने जोडलेले राहिलेच. आमचं काम दुसऱ्या एका नळाचं होतं. खोली मोजायची, तळ कसा आहे ते बघायचं, आलेख काढायचा. चिखल असेल तर एक खूण, वाळू असेल तर दुसरी, आणि जिथे वजन दोरीवरून खाली सोडल्यावर टणत्कार यायचा तिथे तिसरी. त्या तिसऱ्या खुणेला आमच्या तक्त्यात दोन शब्दांचं नाव होतं: कठीण तळ.

मी तीन महिने ते लिहीत होतो. कठीण तळ, कठीण तळ, वाळू, कठीण तळ. त्या तीन महिन्यांत ओहोटीला एकदाही खाली चालत गेलो नाही. वेळ नव्हता म्हणणं खोटं होईल. संध्याकाळी आम्ही पत्ते खेळायचो.

वाटेत सिक्क्याकडे जाणारा फाटा लागतो. त्या बाजूला एके काळी सिमेंटसाठी समुद्रातून प्रवाळाची वाळू उपसली जाई, उद्यान होईपर्यंत. चुनखडी ती चुनखडी, भट्टीला काय फरक पडतो! गाडीतल्या एका तरुण सभासदाने हे ऐकून "बाप रे" म्हटलं. मी गप्प बसलो.

नराऱ्याला पोचलो तेव्हा उजाडत होतं. तिवरांच्या मागे धुकं आणि धुक्यामागे टाक्यांचे गोल माथे. आमचा वाटाड्या पंचविशीतला मुलगा, वाघेर मुसलमान. या किनाऱ्यावर वाघेर हिंदूही आहेत आणि मुसलमानही. खाड्यांच्या काठचे मच्छीमार वाघेर बरेचसे मुसलमान. त्याने विचारलं, क्यांथी आव्या? वडोदरा, आम्ही म्हणालो. तो हसला. "तो तो गायकवाडना गामना!" आवाजात राग नव्हता. पण नुसतं 'वडोदरा' म्हणून त्याचं भागलं नाही, हे माझ्या लक्षात राहिलं. त्याच्याकडे परत येतो.

पहिला अर्धा किलोमीटर चिखल, मग शेवाळाने निसरडा झालेला खडक, आणि मग तळ्यांचा मुलूख. गुडघाभर पाण्याची शेकडो तळी, प्रत्येकाला स्वतःचे रहिवासी. वाटाड्या पुढे, काठीने पाण्याची खोली बघत. तो दगड अलगद उचलायचा, दाखवायचा आणि होता तसाच परत ठेवायचा, तीच बाजू खाली. "उलटा मूकशो तो मरी जाशे," उलटा ठेवलात तर मरेल, असं तो प्रत्येक वेळी म्हणत होता. एका दगडाखाली बोटभर ऑक्टोपस होता, आम्हाला बघून तपकिरीचा करडा झाला. एका तळ्यात केंड मासा अडकला होता, फुगण्याच्या बेतात. समुद्रकाकड्या, ठिसूळ हातांचे तारामासे, आणि गालिच्यासारखं पसरलेलं समुद्रफूल, ताटाएवढं. मेंदूसारख्या वळ्यांचं प्रवाळ जिवंत होतं, हिरवट. बाजूचंच दुसरं पांढुरकं, वर गाळाचा थर. काकू वाकून वाकून बघत होत्या आणि मला बजावत होत्या, "अहो, पाय बघून टाका, तुम्ही कुणाच्या तरी घरावर उभे आहात."

आणि एका कपारीत, अंगठ्याच्या नखाएवढी, पिवळ्या कडांची बिनशंखाची गोगलगाय. इलियटसाहेबांची. म्हणजे त्यांच्या यादीतली तीच जात होती असा माझा दावा नाही, तेवढं मला कळत नाही. पण त्या कुळातली नक्की. मी तिथेच उकिडवा बसलो. पायाखाली जे होतं ते मी सत्तावीस वर्षांचा असताना ओळखत होतो आणि त्याचं नावही माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेलं होतं.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर मंडळातले नकाशावाले मला सोडणार नाहीत. नरारा गायकवाडांचा नव्हता. तो नवानगरच्या जामसाहेबांचा. हॉर्नेलचं काम ओखामंडळाच्या हद्दीतलं, त्यामुळे त्याची यादी नराऱ्याला जशीच्या तशी लावता येत नाही. समुद्री गोगलगाईला संस्थानाची हद्द कळत नाही हे खरं, पण पाण्याचा गढूळपणा कळतो, आणि तो आखातात आत जावं तसा वाढत जातो. तुलना करायचीच तर ओखामंडळाच्या खडकांची करावी. म्हणून आम्ही दहाच्या सुमाराला, पाणी परत पावलांशी येऊ लागलं तेव्हा, पश्चिमेला निघालो.

खंभाळियाला चहा आणि गरम गाठिया. पुढचा रस्ता सपाट, कंटाळवाणा, बाभळी आणि पवनचक्क्या. चरकल्याच्या मिठागरांत रोहित पक्षी शेकड्यांनी उभे होते. तिथे अर्धा तास गेला. गेला तर गेला. इथेच कुठेतरी आपण ओखामंडळात शिरतो. हा मुलूख काठेवाडाला चिकटलेला असून नसल्यासारखा, मध्ये खाजणाची आणि खाऱ्या रणाची सखल पट्टी. जुन्या काळी भरतीला ती ओलांडणं अवघड, आणि या अवघडपणावरच वाघेरांची सत्ता उभी होती. जमिनीवरून कुणी सहज येऊ शकत नव्हतं, आणि समुद्रावर ते स्वतः होते. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना लुटत, असं इंग्रजांची कागदपत्रं म्हणतात. वाघेर त्याला आपल्या पाण्यावरचा हक्क म्हणत असणार.

१८१६ साली इंग्रजांच्या फौजेने ओखामंडळ घेतलं आणि १८१७ च्या तहाने ते गायकवाडांना देऊन टाकलं. गायकवाडांना ते हवं होतं ते द्वारका आणि बेट या दोन क्षेत्रांमुळे. महसुलाचा हिशेब कुणी केला असता तर घेतलं नसतं. १८२० साली वाघेर उठले, इंग्रजांनी पुन्हा फौज आणून द्वारका घेतली आणि पुन्हा गायकवाडांच्या हाती दिली. १८५७ नंतर जोधा माणेकच्या नेतृत्वाखाली परत उठले, बेट आणि द्वारका दोन्ही घेतली. ऑक्टोबर १८५९ मध्ये कर्नल डोनोव्हनच्या हाताखाली फौज आणि आरमार बेटावर आलं. पहिला हल्ला वाघेरांनी परतवला, मग रात्रीतून किल्ला सोडला. किल्ला नंतर सुरुंगांनी उडवण्यात आला. जोधानंतर मुळू माणेक लढत राहिला, १८६८ साली मारला जाईपर्यंत. झवेरचंद मेघाणींच्या 'सोरठी बहारवटिया'त ही दोघं नायक आहेत. बडोद्याच्या मराठी कागदांत हेच 'वाघेरांचं बंड' आहे, बंदोबस्ताच्या खर्चाच्या नोंदींसह.

मी बडोद्याचा. लहानपणापासून सयाजीराव महाराजांचं नाव घरात देवघराच्या शेजारच्या भिंतीवर. ग्रंथालयं, शाळा, न्याय, सुधारणा, ते सगळं खरंच आहे आणि मी त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही. पण ओखामंडळात आपलं नाव सुधारणेच्या आधी चाळीस-पन्नास वर्षं दुसऱ्या रूपात पोचलं होतं. शिबंदी, ठाणं, आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा परत येणारी फौज. तो मुलगा 'गायकवाडना गामना' म्हणाला ते हॉर्नेलमुळे नव्हे.

हे लिहिताना मला आमचा तक्ता आठवतो. बंदोबस्ताच्या नजरेने ओखामंडळाची पाहणी केली तर वाघेर दिसतात ते एवढेच, कठीण तळ. हॉर्नेलला दरबाराने प्रश्न उत्पन्नाचा विचारला आणि त्याने उत्तरात उत्पन्न नसलेलंही सगळं लिहिलं. मला प्रश्न तळाचा विचारला आणि मी उत्तर तेवढंच दिलं. प्रश्न विचारणाऱ्यांचा दोष मी धरत नाही. नळ आणायचा असेल तर तळ मोजावाच लागतो. पण कागदाला समास असतो, आणि समासात लिहायला मला कुणी मनाई केली नव्हती.

मिठापूर लागलं. नावाप्रमाणेच मीठ, आणि १९३९ पासून टाटांचा रसायनांचा कारखाना, तोही बडोदे राज्याच्या काळातला. इथल्या समुद्रात आता एक वेगळंच काम चालू आहे. झाडाच्या फांद्यांसारखं वाढणारं अ‍ॅक्रोपोरा जातीचं प्रवाळ कच्छच्या आखातातून नाहीसं झालं होतं, मेलेले सांगाडे तेवढे सापडत. २००८ पासून कारखाना, वनखातं आणि वन्यजीवांसाठी काम करणारी एक संस्था मिळून मिठापूरचा खडक सावरायचा प्रयत्न करत आहेत, आणि त्यात लक्षद्वीपहून या प्रवाळाचे तुकडे आणून इथे लावून पाहिले. आता प्रश्न असा येतो की आधी इथे काय होतं? काय परत आणायचं हे ठरवायला जुनी नोंद लागते. आणि मग लोक शोधत शोधत १९०९ आणि १९१६ च्या त्या दोन भागांपाशी येतात. मोती मिळतील का म्हणून करवून घेतलेली पाहणी शंभर वर्षांनी काय हरवलं ते सांगायला उपयोगी पडते. दिवाणाला त्या गोगलगाईंचं काय करायचं होतं, असं मी वर गमतीने लिहिलं आहे. ते तसंच राहू द्यावं की खोडावं, ठरत नाही.

ओख्याला दुपारचे दीड वाजले. बंदर १९२६ साली बडोदे राज्याने सुरू केलं, मुंबईवर अवलंबून न राहता स्वतःचं सागरी दार असावं म्हणून. अभियंता म्हणून सांगतो, जागा उत्तम निवडली आहे. समोर बेट आडवं पडल्यामुळे लाटांना आडोसा मिळतो आणि धक्क्यापाशी पाणी खोल आहे. माशांचा वास, बर्फाच्या गाड्या, तटरक्षक दलाच्या नौका. पूर्वी इथून बेटावर जायला मचव्यात माणसं कोंबून नेत. फेब्रुवारी २०२४ पासून सुदर्शन सेतू झाला, सव्वादोन किलोमीटरहून थोडा जास्त, दोरांवर तोललेला. आम्ही गाडी अलीकडे ठेवून चालत गेलो. पुलाच्या मधोमध उभं राहिलं की दोन्ही बाजूंना पाण्याचा रंग बदललेला दिसतो, उथळ जागी दुधट हिरवा, खोल जागी काळपट निळा. याच पाण्यात १८५९ मध्ये आरमार उभं होतं. तेवढं बोलून मी गप्प झालो, कारण वारा इतका होता की कुणाला काही ऐकू येईना.

बेटावर देवळात गर्दी होती. दर्शन घेतलं, काकूंनी तिथल्या एका दुकानातून छोटा शंख घेतला. दुकानदाराला विचारलं, इथलाच का? नाही, म्हणाला, बाहेरून येतो. शंखोद्धारात शंख बाहेरून!

परतताना उन्हं कलली होती. द्वारकेच्या दीपगृहाजवळचा कडा हा या किनाऱ्याचा सगळ्यात रांगडा भाग. चुनखडीचे थर, खालून लाटांनी खाल्लेले, वरचा भाग छपरासारखा पुढे आलेला. जिथे छप्पर तोललं नाही तिथे मोठमोठे दगड खाली कोसळून पडले आहेत. आखाताच्या आतला समुद्र दिवसभर गढूळ आणि शांत दिसला, इथे उघडा अरबी समुद्र येऊन आदळतो. मागे जगतमंदिराचा ध्वज. खाली पाणी मागे जात होतं, आणि खडकाच्या पायरीवर दोन बायका काहीतरी वेचत होत्या, अंधार पडेपर्यंत.

घरी आल्यावर मी हॉर्नेलच्या याद्यांच्या पानांचे फोटो नराऱ्याच्या त्या मुलाला पाठवले. त्याने मागितले होते. लॅटिन नावं त्याला वाचता येणार नव्हती, चित्रांवर भागवेल असं वाटलं. चार दिवसांनी त्याचा निरोप आला: अकरा चित्रांची त्याच्या घरात बोलली जाणारी नावं, काही त्याने सांगितलेली, बरीचशी आजोबांनी. एका चित्राखाली त्याने लिहिलं होतं, हे आजोबांनी पाहिलंय, मी नाही. ती नावं मी यादीच्या समासात पेन्सिलीने उतरवून घेतली आहेत. आजोबांना भेटायला फेब्रुवारीच्या अमावास्येला पुन्हा जायचं ठरतं आहे. गाडीत दोन जागा आहेत, ज्यांना यायचं असेल त्यांनी मंडळाला कळवावं. बूट स्वतःचे आणावेत.